टिपेची जागा

ग्रंथांतील टीप पानाच्या तळाशीं द्यावी कीं ग्रंथाच्या शेवटीं, हा प्रश्न छापखान्याचा समजून ग्रंथकार सहसा त्याकडे लक्ष देत नाहींत. परंतु त्यांत वाचकाचा विश्वास गुंतलेला असतो, असें आम्हांस वाटतें. आणि याचे दोन चांगले दाखले ठाण्याच्या वाङ्मयांतच सांपडतात.

आमच्या हस्तलिखित पोथ्यांस ही अडचण नव्हती. त्रिपाठी पोथींत मूळ श्लोक मध्यें व टीका वरखालीं. पंचपाठींत ती दोहों बाजूंच्या समासांतहि लिहीत. नजरेस पान सोडावें लागत नसे. खिळ्यांच्या छपाईंत मात्र हें महाग पडूं लागलें. तळटीप बारीक टाइपांत जुळवून नेमक्या त्याच पृष्ठावर बसवावयाची. वर चार ओळी वाढल्या कीं पुढचीं पानें पुन्हां बांधावयाचीं! टिपा शेवटीं लोटल्या म्हणजे जुळाऱ्याचे श्रम वांचत, ते वाचकाच्या माथीं येत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतील ठाणे जिल्ह्याच्या खंडांनीं १८८२ सालीं हा खर्च सोसला. कल्याणाचें नांव ‘पेरिप्लस’मध्यें आहे, कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांतहि आहे, अशा पुरातन गांवाचा इतिहास वाचतांना विधान वर व आधार खालीं असला म्हणजे संशयी वाचकास तेथल्या तेथें पडताळा घेतां येतो.

दुसरा दाखला विनायक लक्ष्मण भावे यांचा. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं स्थापन झालें, त्याच्या संस्थापकांत ते होते. त्यांचें ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास. भावे १९२६ सालीं वारले. संशोधन थांबलें नाहीं. तेव्हां १९५१ च्या चौथ्या आवृत्तीस डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं स्वतंत्र पुरवणी जोडली. दिवंगत ग्रंथकाराच्या वाक्यांत परक्यानें हात घालूं नये, हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो. भाव्यांची रसाळ, किंचित् आग्रही वाणी त्यामुळें भाव्यांचीच राहिली. पण पुरवणीची एक जोखीम असतेच: जो वाचक एकच प्रकरण उघडतो, तो मागें न पाहतां जुनें मत घेऊन जातो.

म्हणून आधार तळाशीं असावा, लांब चर्चा शेवटीं जावी, आणि जेथें मत पालटलें असेल तेथें पानाखालीं पुरवणीचा पृष्ठांक तरी छापावा. आतां संगणक तळटिपेची जागा आपोआप राखतो. जुळाऱ्याच्या श्रमांची सबब जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या काढणारांस उरलेली नाहीं.