मधेच शाळा सोडणाऱ्याचे इंग्रजी

इंग्रजी शिकविण्याच्या पद्धतींचा वाद आपल्याकडे निघाला, की तो बहुधा शालान्त परीक्षेच्या निकालापाशी येऊन थांबतो. जो मुलगा त्या परीक्षेपर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्या पदरात काय पडले, हे फारसे कोणी विचारीत नाही. ते विचारले एका इंग्रज शिक्षकाने, आणि तेही बंगालात.

त्याआधीची जुनी वाट भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या. तिची टवाळी करणे सोपे आहे. पण ज्याला स्वतःला इंग्रजी धड बोलता येत नसे, अशा मास्तरालाही तिने हात दिला, हे विसरता येत नाही. तिचा दोष निराळाच होता. वर्षानुवर्षे पाया भरायचा आणि घर अगदी शेवटी बांधायचे, अशी तिची रीत. मधेच शाळा सुटली तर मुलाच्या वाट्याला नुसता पाया येई, आणि पायात काही राहता येत नाही. पुढे मातृभाषेला वर्गाबाहेर बसविणारी ‘प्रत्यक्ष पद्धती’ आली. वर्गात इंग्रजी ऐकू येऊ लागले खरे; पण ती अस्खलितपणे बोलणारा शिक्षक खेडोपाडी आणायचा कोठून?

ढाक्याच्या अध्यापक-विद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांचा बंगालमधील द्विभाषिकतेवरील ग्रंथ १९२६ साली निघाला. विम्याचे हप्ते मधेच थांबले, तरी पॉलिसीची काही ‘सरेंडर व्हॅल्यू’ हाती येते. तशी ती अपुऱ्या शिक्षणाचीही असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे उत्तर होते वाचन. बोलायला जोडीदार लागतो. पुस्तक एकट्याला पुरते. मग त्यांनी नेहमीच्या शब्दांत वाचनमाला रचल्या. नवे शब्द विरळ पेरले आणि एकदा आलेला शब्द पुनःपुन्हा भेटेल, अशी तजवीज केली. पहिल्या वर्षीच शाळा सुटली, तरी निदान सोपी गोष्ट वाचता यावी, एवढा त्यांचा हिशेब.

हा हिशेब आपल्यालाही लागू होता. १९४६ ते १९५२ या बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर गेले. वर्षे कमी झाली, म्हणजे प्रत्येक वर्षाची किंमत वाढली. पुढे वाक्यरचना क्रमाने घटविणारी ‘रचनापद्धती’ आली. १९७९ पासून पाच वर्षे एन. एस. प्रभूंनी दक्षिणेतील शाळांत निराळाच प्रयोग केला: मुलांपुढे नियम न ठेवता रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवला. अर्थ लावण्यात मन गुंतले, की भाषा मागोमाग येते, ही त्यांची श्रद्धा.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीलाच आले. वर्षे वाढली, वेस्टचा प्रश्न मात्र जुना झाला नाही. आठवीतून शेताकडे वळणाऱ्या मुलीला औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता येते काय? नवी पद्धत दारी आली, की तिला आम्हा मास्तरांनी आधी हे विचारावे. हुशार मुलगा कोणत्याही पद्धतीने शिकतो. पद्धतीची कसोटी लागते ती मधेच उठून गेलेल्याच्या बाकावर.