लोंबीतले दाणे आणि पोत्यातले धान्य

४ मे २०२५ रोजी नवी दिल्लीत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी 'डीआरआर धान १०० (कमला)' हा हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेत 'सांबा महसुरी' या लोकप्रिय बारीक तांदळाच्या वाणापासून घडवण्यात आला. बदल एकाच जनुकात करण्यात आला. हे जनुक सायटोकायनिन या वनस्पती-संप्रेरकाचे विघटन करणारे विकर तयार करते. ते मंदावले की लोंबीच्या वाढत्या टोकाशी सायटोकायनिन साठते आणि लोंबीत अधिक दाणे धरतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेने दिलेल्या आकड्यांनुसार देशभरातील २५ ठिकाणच्या चाचण्यांत कमलाचे सरासरी उत्पादन हेक्टरी ५.३७ टन भरले, तर मूळ वाणाचे ४.५ टन.

बातमीत हे सारे एका दमात सांगितले जाते: लोंबीत दाणे वाढले, म्हणून उत्पादन वाढले. या वाक्यातील 'म्हणून' या शब्दामागे शंभर वर्षांचा खटाटोप आहे. झाडाचा एखादा गुण आणि शेतातून निघणारे धान्य यांचा संबंध नेमका काय, हा प्रश्न पैदासशास्त्राने अनेकदा सुटला असे मानले आणि अनेकदा नव्याने मांडला.

त्याची पहिली नीटस मांडणी केंब्रिजला झाली. फ्रँक एंगलडो आणि सॅम्युएल वॉडहॅम यांनी १९२३-२४ मध्ये तृणधान्यांच्या उत्पादनावर लेखमाला लिहिली. उत्पादन ही एक राशी नसून अनेक राशींचा गुणाकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. ठरावीक क्षेत्रातील झाडांची संख्या, दर झाडामागे ओंब्या, दर ओंबीत दाणे आणि दर दाण्याचे वजन, या चार गोष्टी मोजल्या की उत्पादन हाती येते. शेतात बसून ओंब्या मोजण्याचे हे काम कंटाळवाणे असले, तरी त्यामागची आशा मोठी होती. दोन वाणांचे उत्पादन सारखे असूनही एकाच्या ओंब्या जास्त आणि दुसऱ्याचे दाणे टपोरे असू शकतात. त्यांचा संकर करून दोन्ही गुण एकत्र आणले, तर गुणाकार वाढलाच पाहिजे.

गणित बिनचूक होते, पण झाडाने ते मानले नाही.

गुणाकारातील एक राशी वाढवली की उत्तर वाढते, हे खरे. पण उरलेल्या राशी जागच्या जागी राहिल्या तरच. झाडात त्या राहत नाहीत. पेरणी विरळ झाली तर गव्हाला फुटवे अधिक येतात. फुटवे फार झाले तर प्रत्येक ओंबीच्या वाट्याला कमी दाणे येतात. दाणे जास्त धरले तर भरताना ते बारीक किंवा पोचट राहतात. मिशिगनमध्ये घेवड्यावर काम करणाऱ्या एम. डब्ल्यू. ॲडम्स यांनी १९६७ साली या भरपाईची मीमांसा केली. हे गुण एकापाठोपाठ एक ठरतात आणि सगळे एकाच मर्यादित शिधोट्यावर जगतात. आधी ठरलेल्या गुणाने जास्त घेतले, तर नंतरच्याला उरलेल्यावर भागवावे लागते. म्हणजे शेंगांची संख्या आणि दाण्याचे वजन यांतील उलटा संबंध जनुकांनीच घालून दिलेला असेल असे नाही. अन्नाच्या वाटणीतूनही तो निर्माण होऊ शकतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेची सवय असलेल्या पदार्थवैज्ञानिकाला यात नवल वाटणार नाही. पैदासकाराला मात्र ते महागात पडते: वर्षानुवर्षे टपोऱ्या दाण्यासाठी निवड करायची आणि शेवटी पोते तेवढेच भरायचे.

मग कोणत्या गुणावर निवड करावी? सहसंबंधाचा गुणांक काढणे हा सोपा मार्ग. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये सहसंबंधाची कल्पना मांडली होती आणि कार्ल पिअर्सन यांनी तिला पक्के गणिती रूप दिले होते. परंतु दोन गोष्टी बरोबरीने वाढतात एवढेच सहसंबंध सांगतो. पहिली ओढली तर दुसरी हलेल का, हे तो सांगत नाही. या अडचणीला थेट भिडले ते अमेरिकी कृषी खात्यात गिनीपिगांची पैदास अभ्यासणारे सीवॉल राइट. १९२१ साली कृषी संशोधनाच्या नियतकालिकात त्यांनी 'सहसंबंध आणि कार्यकारण' या आशयाचा निबंध प्रसिद्ध केला. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीचे कारण आहे हे बाणांनी काढून दाखवायचे, प्रत्येक बाणाला एक गुणांक द्यायचा आणि मोजलेले सहसंबंध त्या बाणांच्या वाटांमध्ये वाटून टाकायचे, ही ती रीत. मराठीत तिला पथगुणांक विश्लेषण म्हणतात.

पुढच्याच वर्षी हेन्री नाइल्स यांनी तिच्यावर कडक टीका केली: सहसंबंधातून कारण काढता येते हा दावाच मुळात फोल आहे. १९२३ मध्ये राइट यांनी उत्तर दिले. आपली रीत सहसंबंधातून कारण काढत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कारणांची रचना संशोधकाला आधी ठाऊक असावी लागते; ती गृहीत धरल्यावर प्रत्येक वाटेचे वजन किती, एवढेच ही रीत सांगते. हे उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढे ही रीत वापरणाऱ्या अनेकांना त्याचा विसर पडला.

दरम्यान आणखी एक वाट निघाली. १९३६ साली एच. फेअरफिल्ड स्मिथ यांनी गव्हाच्या निवडीसाठी अनेक गुणांचा एकत्रित निर्देशांक सुचवला. एका गुणावर भिस्त ठेवण्याऐवजी प्रत्येक गुणाला त्याच्या अनुवंशक्षमतेनुसार भार द्यायचा आणि बेरजेवर झाड निवडायचे. त्यामागे आर. ए. फिशर यांचा विचार होता. आयरिसच्या फुलांवरचा फिशर यांचा सुप्रसिद्ध निबंध याच नियतकालिकाच्या याच खंडात आहे. भारतात हा निर्देशांक कापसावर वापरून पाहिला गेला. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत व्ही. जी. पानसे हे कापसाच्या संख्यात्मक गुणांच्या अनुवंशाचा अभ्यास करत होते. पुढे पी. व्ही. सुखात्मे यांच्यासह त्यांनी लिहिलेले कृषी संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केले. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत 'पानसे आणि सुखात्मे' ही जोडी इतक्यांदा भेटते की ते एकाच माणसाचे नाव वाटावे.

राइट यांची रीत पिकांच्या पैदासीत रुळली ती १९५९ साली. युटामध्ये डी. आर. ड्यूई आणि के. एच. लू यांनी क्रेस्टेड व्हीटग्रास या चराऊ गवताच्या बीजोत्पादनावर ती लावली. पीक साधे आणि निबंध अवघा चार पानांचा, पण वनस्पती-पैदासीतील सर्वाधिक उद्धृत लेखनात त्याची गणना होते. त्यातील युक्ती एका कल्पित उदाहरणाने समजते. समजा, दाण्याच्या आकाराचा उत्पादनाशी सहसंबंध अवघा ०.१ आहे. तक्ता पाहणारा म्हणेल, हा गुण निरुपयोगी. पण दाण्याच्या आकाराचा उत्पादनावरचा थेट परिणाम ०.५ असेल, दाण्यांच्या संख्येचा ०.८ असेल आणि आकार व संख्या यांत उणे ०.५ इतका सहसंबंध असेल, तर काय घडते? मोठ्या दाण्यामुळे थेट ०.५ मिळते, संख्या घटल्यामुळे ०.४ जाते, उरते ०.१. गुण निरुपयोगी नाही. त्याची कमाई दुसरीकडे खर्च होते आहे. हा जमाखर्च वेगळा करून दाखवणे हे त्या निबंधाचे खरे योगदान.

भारतात ही रीत विलक्षण लोकप्रिय झाली. हरभरा, तूर, तीळ, मोहरी, भात असे क्वचितच एखादे पीक असेल की ज्यावर पथगुणांकाचा प्रबंध झाला नाही. आर. के. सिंग आणि बी. डी. चौधरी यांच्या पाठ्यपुस्तकाने पायऱ्या सोप्या करून दिल्या, संगणकाने आकडेमोड क्षणात आणली, आणि रीतीचा साचा झाला. यातील काही दोष स्पष्ट सांगितले पाहिजेत. अनेक प्रबंध उत्पादनाच्या कारणांमध्ये 'एकूण जैविक वजन' आणि 'कापणी निर्देशांक' हे दोन गुण घालतात आणि निष्कर्ष काढतात की उत्पादनावर सर्वांत मोठा थेट परिणाम याच दोहोंचा. तो निघणारच, कारण कापणी निर्देशांक म्हणजे उत्पादन भागिले जैविक वजन. दोन्ही गुणल्यावर उत्पादन मिळते ही व्याख्या आहे, शोध नव्हे. दुसरे, तीस वाणांच्या चाचणीत शून्याजवळच्या सहसंबंधाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१९ असते. असे असताना ०.२१ आणि ०.३४ या गुणांकांची क्रमवारी लावून शिफारस करणे धाडसाचे ठरते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्रुटीची मर्यादा न लिहिलेला आकडा परत पाठवला जातो; पथगुणांकांच्या तक्त्यात मात्र ती क्वचितच दिसते.

आणखी एक दोष साच्याचा नाही, रीतीचाच आहे. समोरच्या वाणांत, समोरच्या शेतात, त्या हंगामात जे वैविध्य आहे तेवढेच तक्त्याला दिसते. जे शेतात नाहीच, त्याचा सहसंबंध निघत नाही. गव्हाच्या इतिहासात याची मोठी साक्ष आहे.

१९६० पर्यंतचे भारतीय गहू उंच होते. नत्र वाढवले की त्यांची काडी आणखी उंच होई, ओंबी जड होई आणि पीक वाऱ्यात लोळे. उंच वाणांचेच मोजमाप करून, कमी खताच्या शेतात कितीही तक्ते मांडले असते, तरी काडी निम्म्यावर आणा असा सल्ला त्यांतून मिळाला नसता. ते वैविध्य जपानमध्ये होते. 'नोरिन १०' हा बुटका गहू तिथे १९३५ मध्ये प्रसारित झाला, एस. सी. सॅल्मन यांनी १९४६ मध्ये तो अमेरिकेत नेला. ऑर्व्हिल व्होगेल यांच्यामार्फत त्याचा वंश मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे पोहोचला. १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले, त्यानंतर दिल्लीत एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुटक्या वाणांच्या चाचण्या घेतल्या आणि १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. देशाचे गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सुमारे १.२३ कोटी टन होते. १९६७-६८ मध्ये ते १.६५ कोटी टनांवर गेले. बुटक्या झाडाने सूर्यप्रकाशातून फारसे अधिक मिळवले नव्हते. काडीत जाणारे अन्न ओंबीकडे वळले, आणि खत-पाणी वाढवूनही पीक उभे राहिले.

ॲडलेडच्या सी. एम. डोनाल्ड यांनी १९६८ साली यातून पुढचे पाऊल टाकले. गुणांचे तक्ते मांडत बसण्यापेक्षा आदर्श झाड आधी कल्पावे आणि मग घडवावे, असे ते म्हणाले. त्यांच्या कल्पनेतला गहू बुटका, ताठ, मोजक्या उभ्या पानांचा आणि एकाच काडीचा होता. त्याचे सर्वांत विलक्षण लक्षण असे, की तो शेजाऱ्याशी झगडण्यात दुबळा असावा. रोपवाटिकेत सुटे लावलेले, पसरट, भरघोस झाड पैदासकाराच्या डोळ्यांत भरते; पण त्याचा भरघोसपणा बऱ्याचदा शेजाऱ्याचा प्रकाश हिसकावून आलेला असतो. शेतात सगळेच शेजारी तसे असले, की हिसकावण्यातच खर्च होतो. एका झाडावर मोजलेला गुण आणि एकरातले धान्य यांतील हे अंतर कोणताही गुणांक आपोआप भरून काढत नाही.

आता कमलाकडे परत. तिच्यातील जनुकाचे महत्त्व २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. 'कोशिहिकारी' आणि 'हाबाताकी' या भातांची तुलना करताना, लोंबीतील दाण्यांच्या संख्येवर प्रभाव टाकणारी एक जागा त्यांना थेट या विकरापाशी घेऊन गेली. राइट यांना हवी असलेली कारणाची रचना इथे प्रयोगाने ठाऊक झाली होती. विकर ते संप्रेरक, संप्रेरक ते दाण्यांची संख्या, इथवरचा बाण पक्का आहे. पुढचा बाण, दाण्यांच्या संख्येपासून हेक्टरी टनांपर्यंतचा, जनुकाने ठरत नाही. जास्त दाणे भरायला पानांकडून तेवढे अन्न आले पाहिजे, आणि कमला मूळ वाणापेक्षा सुमारे २० दिवस आधी तयार होते असेही सांगितले गेले आहे. म्हणजे अन्न तयार करायला दिवसही कमी. त्यामुळे चाचण्यांचे आकडे इथे निर्णायक ठरतात. काही गटांनी त्या आकड्यांच्या मांडणीवर आक्षेप घेतले असून परिषदेने ते फेटाळले आहेत. वाद जनुक-संपादनाच्या बाजूने किंवा विरुद्ध घोषणा देऊन सुटणारा नाही. ठिकाणवार आणि हंगामवार, त्रुटीच्या मर्यादेसह, चार रकाने समोर यावे लागतील: दर चौरस मीटरला लोंब्या, दर लोंबीत भरलेले दाणे, हजार दाण्यांचे वजन आणि संपूर्ण वाफ्यातून निघालेले भात. त्यांतला 'भरलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. पोचट दाणेही मोजले, तर पहिले तीन रकाने गुणून येणारा आकडा चौथ्याशी जुळणार नाही.