उन्हाळ्यात जनावराला किती पाणी लागतं? भाईंदरच्या दमट हवेत दोन वेळची बादली पुरत नाही

मीरा-भाईंदर : पारा ३३ अंशांवर असला की 'यंदा फार ऊन नाही' असं वाटतं. पण उत्तन, डोंगरी, मुर्धा, राई, मोर्वा या गावांत दावणीच्या जनावराला तेवढ्यातच धाप लागते. त्याचं कारण हवेतला दमटपणा. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४०, तर किनाऱ्यावर ३७ अंश असा वेगळा निकष लावतं.

दमट हवेत काय होतं?
घाम सुकला की अंग थंड होतं. हवा ओली असली की घाम सुकत नाही, मग जनावर धापा टाकतं आणि चारा कमी खातं. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, त्यात कातडी काळी, म्हणून तिला त्रास जास्त.

ताप आणि दमटपणा एकत्र धरून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या पुढे गेला की संकरित गाईला त्रास सुरू होतो. पारा ३३ आणि दमटपणा २० टक्के असेल तर तो ७६ च्या आसपास येतो; दमटपणा ७० टक्के झाला की तोच ८५ च्या वर जातो.

अशा हवेत जनावर एका दमात भरपूर पीत नाही. थोडं थोडं, पण वारंवार पितं. रात्रीही उकाडा असतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ बादली दाखवून भागत नाही. पाणी दिवसरात्र समोर हवं.

किती लिटर?
परदेशात मांसासाठी पाळलेल्या गुरांचं पाणी मोजलेलं आहे. राज्यात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीला बंदी आहे, पण पाण्याचा तो हिशोब इथल्या बैल, रेडे, भाकड जनावरांनाही साधारण लागू पडतो.

- थंडीत कोरड्या चाऱ्याच्या दर किलोला ३ ते ४ लिटर, कडक उन्हात जवळपास दुप्पट.
- म्हणजे ४०० किलोच्या जनावराला थंडीत ३० ते ४० लिटर, उन्हाळ्यात ६० ते ८०.
- दुभत्या जनावराला दर लिटर दुधामागे आणखी ३ ते ४ लिटर.
- हिरव्या चाऱ्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं, पेंढ्यात जेमतेम दहावा हिस्सा. पेंढ्यावरचं जनावर जास्त पाणी मागतं.

मचूळ पाणी
खाडीलगतच्या विहिरी आणि बावखलांचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. लिटरमागे ३ ग्रॅमपर्यंत क्षार सहसा चालतात. ७ ग्रॅमच्या पुढे गाभण-दुभत्या जनावराला देऊ नये, १० च्या पुढे कुणालाच नको. जिभेवर भरवसा न ठेवता पाणी तपासून घ्यावं.

पावसाळ्यात ओल्या चाऱ्यामुळे पिणं कमी होतं. पण डबक्याचं पाणी पिऊ देऊ नये, त्यातून लेप्टोची लागण होते.

पाणी बंद असेल तेव्हा
शहराला स्टेम आणि एमआयडीसीकडून पाणी येतं. जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की दिवसभर नळ कोरडे. दहा लिटर दूध देणाऱ्या पाच म्हशींना उन्हाळ्यात दिवसाला ५०० लिटर नुसतं प्यायला लागतं. दोन दिवसांचे हजार लिटर साठ्यात असावेत. धुण्याचं पाणी वेगळं.

टाकी आणि हौद सावलीत ठेवावा; तापलेलं पाणी जनावर कमी पितं. दांडगी जनावरं दुबळ्यांना हौदाशी येऊ देत नाहीत, म्हणून पाणी दोन ठिकाणी ठेवावं.

धोक्याची खूण
मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत झाली नाही, डोळे खोल गेले, नाकपुडी कोरडी पडली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. जनावर सावलीत घेऊन पाणी थोडं थोडं, वरचेवर पाजावं आणि १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन करावा.