सातबाऱ्याचे रकाने आणि रकान्याबाहेरची माणसं

टेक्निकल रायटिंगची नोकरी शोधणाऱ्यांच्या कानावर तीन नावं हमखास पडतात: डॉकबुक, डिटा आणि एस-वन-थाउजंड-डी. तिन्हींचं सूत्र एकच. मजकूर मोकळा लिहायचा नाही, ठरलेल्या रकान्यांत भरायचा. फरक आहे तो तुकडा केवढा धरायचा यात. १९९१ मध्ये सुरू झालेलं डॉकबुक अख्ख्या पुस्तकाचा विचार करतं. आयबीएममध्ये घडलेलं डिटा, जे २००५ मध्ये ओएसिस या संस्थेचं प्रमाण झालं, छोटे सुटे विषय लिहायला लावतं. तोच तुकडा मग दहा पुस्तिकांत वापरता येतो. विमानांच्या मॅन्युअलसाठी आलेलं तिसरं प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र कोड देतं.

यातलं चांगलं कोणतं? उत्तरासाठी मी तुम्हाला आपल्या बुलढाण्यातच ठेवतो. कारण असलीच एक पद्धत तुमच्या घरच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहे. सातबारा!

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये त्यात पीक काय. मुंबई इलाख्यात गावदप्तराचे असे १ ते २१ नमुने ठरले होते. साखळी बघा: खरेदी झाली किंवा कोणी वारलं, की नोंद आधी नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारात. नोटीस निघते, हरकतीसाठी मुदत असते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग सातबारा बदलतो. एका माणसाची गावातली सगळी जमीन बघायची तर ८अ. म्हणजे बदल एका जागी नोंदवायचा आणि बाकीच्या नमुन्यांत तिथूनच न्यायचा. डिटावाले हेच सांगतात ना?

पण बुलढाणा मुंबई इलाख्यात नव्हता. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. इथं १९२८ ची वेगळी महसूल संहिता, नंतर मध्य प्रदेशची १९५४ ची. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. साऱ्या राज्याला एक कायदा मिळाला तो १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं, १५ ऑगस्ट १९६७ पासून.

आता एका साच्यातली माहिती दुसऱ्या साच्यात ओतायची होती. मध्य प्रदेशच्या कायद्यात आपला शेतकरी ‘भूमिस्वामी’ होता. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग नाही. तिथं ‘भोगवटादार वर्ग १’ आणि ‘वर्ग २’. मग ज्याला जमीन विकायला बंधन नव्हतं तो वर्ग १, ज्याला होतं तो वर्ग २. कागदावर एका आकड्याचा फरक, पण वर्ग २ ची जमीन विकायची तर सरकारी परवानगी लागते.

आणि ज्या गोष्टीला रकानाच नाही? ती ‘इतर हक्क’ मध्ये. बँकेचा बोजा तिथं, विहिरीतला हिस्सा तिथं, आणि कित्येकदा बहिणींची नावंही तिथंच! भावांची नावं कब्जेदार म्हणून, बहिणी इतरांत. दुसरी गंमत ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लावायचं, पुढं ही तीन अक्षरं, बाकीचे भाऊ गायब. दोन पिढ्यांनी थोरल्याची नातवंडं म्हणतात, जमीन आमची. धाकट्याची नातवंडं कोर्टात.

तिसरी अडचण मेलेल्या माणसांची. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, सातबाऱ्यावर मात्र तेच. वारसांना पीककर्ज काढायचं तर दारोदार फिरणं आलं. म्हणूनच १ मार्च २०२५ पासून बुलढाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली: मयत खातेदाराच्या जागी वारसांची नावं. तीच १ एप्रिलपासून राज्यभर गेली, आणि पुढच्या टप्प्यात एकुमॅ, जुनी तगाई असल्या नोंदी काढणंही हाती घेतलं गेलं.

तर डॉकबुक बरं की डिटा, हे ठरवताना वैशिष्ट्यांची यादी कमी बघा. दोन प्रश्न विचारा. जुन्या साच्यातलं नव्यात काय बसणार नाही? आणि ज्याला रकाना नाही, ते कुठं जाऊन पडेल? मॅन्युअलमध्ये त्यानं एखादी धोक्याची सूचना हरवते. सातबाऱ्यात माणूस हरवतो.

आता एक काम करा. नमुना १२ तर २०२१ च्या ई-पीक पाहणीपासून आपल्या मोबाईलवरच भरता येतो. आज त्याच मोबाईलवर घरचा सातबारा उघडा. भोगवटादाराचं नाव वाचा, मग ‘इतर हक्क’ शेवटपर्यंत वाचा. आजी, आत्या, काकू यांची नावं कुठं आहेत, आहेत का, ते बघा. नसली, तर घरातली मोठी माणसं हयात आहेत तोवरच विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात!