नाचलात का?

१५४६ चा वसंत. जिनीव्हात गुरुवार हा कॉन्सिस्टरीचा, म्हणजे चर्चच्या शिस्तमंडळाचा वार, आणि आज बोलावणं तुम्हाला आलंय. समोर पाळक बसलेत आणि नगरसभांतून निवडलेले बारा वडीलजन. आरोप एवढाच, की आंत्वान लेक्टच्या घरच्या लग्नात तुम्ही नाचलात. शहरात नाचाला बंदी आहे.

"नाचलात का?"

तुमच्या आधी आलेल्या पाहुण्यांनी हात झटकले. नाच? छे, कसला नाच! तुमच्याही जिभेवर तेच येतं. पण अध्यक्षाच्या जागेकडे लक्ष जातं. एरवी तिथं बसून इतरांना जाब विचारणारा सिंडिक, म्हणजे शहराचा प्रमुख अधिकारी, आंब्लार कोर्न त्या लग्नात तुमच्याबरोबरच नाचत होता.

दुसऱ्याचे दोष काढू नका, असं येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलंय. हेच सुनवावं, असं तुम्हाला वाटतं. पण समोरच्यांच्या हाती प्रेषित पौल आहे. बाहेरच्यांचा न्याय देवावर सोडा, मंडळीतल्यांचा मात्र तुम्हीच करायचा, असं त्यानं करिंथकरांना बजावलं होतं.

आणि खरं सांगायचं तर ही मंडळी वाटतात तेवढी भयंकर नाहीत. कॉन्सिस्टरीला कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. तो अधिकार नगरसभेचा. इथं समज मिळते, फार तर वर्षातून चारदा होणाऱ्या प्रभुभोजनाला मज्जाव होतो. कित्येक गुरुवारी भांडलेल्या भावांचा समेट होतो, बायकोला मारणाऱ्याची कानउघाडणी होते. (पुढच्या लोकांच्या लक्षात राहिली ती नाचबंदीच.)

मग पाहुण्यांना शपथ घालायचं ठरतं, आणि खोटेपणा उघडा पडतो. अध्यक्ष कोर्नलाही सवलत नाही. त्याचं पद काही काळ जातं, चूक कबूल केल्यावर परत मिळतं. पाहुण्यांपैकी आमी पेरँ लियोंला निघून जातो. त्याची बायको फ्रांस्वाज फाव्र मात्र वडीलजनांनाच फैलावर घेते. तुम्ही तिच्या धिटाईवर खूश असता, तरी कोर्नचं वागणं जास्त पटतं. न्याय करणाराच आधी पुढ्यात उभा राहत असेल, तर समज ऐकून घ्यायला तुमची ना नाही.

पण त्याच वसंतात, एप्रिलमध्ये, रस्त्यात पिएर आमो दिसतो. पत्ते बनवणारा, नगरसभेचा सभासद. आज अंगात नुसता सदरा, डोकं उघडं, हातात पेटती मशाल. घरच्या जेवणात, पाहुण्यांसमोर, तो बोलून गेला की पाळकांचा पुढारी कॅल्व्हिन वाईट माणूस आहे आणि खोटी शिकवण देतो. नगरसभा आधी एवढ्यावरच मिटवणार होती, की त्यानं कॅल्व्हिनपुढं गुडघे टेकून माफी मागावी. ते कॅल्व्हिनला पुरेसं वाटलं नाही. शिक्षा वाढेपर्यंत प्रवचनाला उभं राहायचंच त्यानं नाकारलं. कोर्नला लागलेला नियम इथं कुणाला लावायचा, हे शेजारच्याला विचारायला तुम्ही तोंड उघडता, आणि आमो नेमका कशामुळं अडकला ते आठवून मिटता.