कोणाच्या काकू? सगळ्या जिल्ह्याच्या!



परवा तूरडाळ निवडत बसले होते आणि टीव्हीवर बीडच्या बातम्या चालू होत्या. सूनबाई म्हणाली, "आई, बीडमध्ये बायका राजकारणात इतक्या पुढे कशा हो?" मी म्हटलं, "अगं, पंकजाताई-प्रीतमताईंच्या कितीतरी आधी काकू होत्या." "कोणाच्या काकू?" "सगळ्या जिल्ह्याच्या!"

मतपत्रिकेवरचं नाव केशरबाई सोनाजीराव क्षीरसागर. पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं कोणी नव्हतं, सगळ्यांच्या तोंडी केशरकाकू. नवगण राजुरीच्या सरपंच, पुढे आमदार, आणि मग काँग्रेसकडून तीनदा लोकसभेत: 1980, 1984 आणि 1991.

आज बाई सरपंच झाली तर कोणी मान वळवून बघत नाही. 1993 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने गावच्या कारभारात बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, पुढे महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. काकू सरपंच झाल्या तेव्हा त्या खुर्चीवर बायकांसाठी चिठ्ठी ठेवलेली नव्हती.

बरं, बीडची लोकसभा म्हणजे काँग्रेसचं हुकमी घर होतं असंही नाही. 1967 ला इथून कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील निवडून आले होते, 1977 ला मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. त्यानंतर 1980 ला काकू. त्या वर्षी सगळ्या देशातून लोकसभेत 28 बायका पोचल्या, त्यात एक आपल्या मराठवाड्यातल्या खेड्यातली!

1989 ला जागा जनता दलाच्या बबनराव ढाकण्यांकडे गेली. एकदा गेलेली खुर्ची परत मिळवणं किती अवघड असतं! काकूंनी 1991 ला ती परत आणली. मला त्यांचं हेच जास्त वाटतं. 1996 ला तिथे भाजपच्या रजनीताई पाटील आल्या, म्हणजे बाईनंतर बाईच. इकडे केजमधून डॉ. विमलताई मुंदडा पाच वेळा आमदार झाल्या, राज्याच्या आरोग्यमंत्रीही झाल्या.

या सगळ्या ताई, काकू मात्र एकच. ताई म्हटलं की बरोबरीची वाटते. काकू म्हणजे घरातली मोठी, तिच्यापुढे वाकायला पुरुषांनाही कमीपणा वाटत नाही. अर्थात नुसत्या नात्याच्या हाकेवर तीनदा मतं पडत नाहीत.

मी कॉमर्सची, जमेबरोबर नावेची बाजूही बघणारच. काकू 2006 साली गेल्या. मुलगा जयदत्त अण्णा मंत्री झाले, भारतभूषण बीडचे नगराध्यक्ष. आणि 2019 ला बीड विधानसभेत काकूंचे नातू संदीप यांनी सख्ख्या काकांना, जयदत्त अण्णांनाच हरवलं. सूनबाई म्हणाली, "काकू असत्या तर?" मी डाळीतले खडे वेचत राहिले. मुलगा आणि नातू समोरासमोर, आजीने कोणाच्या बाजूला बसायचं?