किल्ट नेसलेले गुहावासी : दंतकथा आणि टिपणें

स्कॉटलंडच्या वायव्येस जो डोंगराळ मुलूख व त्यापुढें जीं बेटें आहेत, त्यांच्या किनाऱ्यावर गुहांस तोटा नाहीं. आणि ज्या गुहेचा अंत लोकांनीं पाहिलेला नसतो, तिच्याविषयीं बहुधा एकच कथा सांगण्यांत येते. एक वादक आपलें मशकवाद्य वाजवीत आंत शिरला. जमिनीवरून चालणाऱ्या मंडळीस त्याचा सूर कांहीं अंतरापर्यंत ऐकूं आला व मग बंद पडला. वादक परतला नाहीं. त्याचा कुत्रा मात्र अंगावरील केस गमावून बाहेर पडला. आपल्याकडील किल्ल्यांच्या भुयारांच्या गोष्टी ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस ही कथा परकी वाटणार नाहीं. चित्रकार या वादकास हटकून आंखूड, चुण्यांचा किल्ट नेसवितात. किल्ट नेसून गुहेंत राहिलेल्या मनुष्याविषयीं अस्सल पुराव्याच्या आधारें काय म्हणतां येतें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्त्राचा विचार करूं. अमरकोशांतील ‘अर्धोरुक’ अगर ‘चंडातक’ या शब्दांवरून किल्टाची कल्पना करूं नये. तीं स्त्रियांचीं वस्त्रें होत, व किल्ट हा पुरुषाचा वेष आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. थोरला किल्ट म्हणजे एक लांबरुंद लोंकरी पट. कमरेस पट्ट्यानें आवळून खालचा भाग नेसावयाचा, वरचा खांद्यावर घ्यावयाचा, आणि रात्रीं पट्टा सोडून तोच पांघरावयाचा. याचे उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. धाकटा किल्ट, ज्यास फिलिबेग म्हणतात, तो याचा केवळ खालचा अर्धा भाग होय. ग्लेनगॅरी येथें लोखंडाचा कारखाना चालविणाऱ्या रॉलिन्सन नामक इंग्रजानें तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रचारांत आणला, असें १७६८ सालच्या एका पत्रांत म्हटलें असून तें पत्र १७८५ सालीं छापलें गेलें. या पत्राच्या ग्राह्यतेविषयीं वाद आहे. तथापि १७४६ च्या ज्या कायद्यानें हा वेष बंद केला, त्यांत ‘फिलिबेग अथवा धाकटा किल्ट’ असा स्पष्ट निर्देश असल्यामुळें त्या सालीं तो प्रकार रूढ होता, हें निर्विवाद होय.

आतां दंतकथा पाहूं. मल बेटावर मॅकिनन याच्या नांवाची एक मोठी गुहा आहे. ऑक्टोबर १७७३ मध्यें डॉ. जॉन्सन व बॉस्वेल हे तेथें गेले. मेणबत्तीच्या उजेडांत ते आपल्या मोजणीप्रमाणें ४८५ फूट आंत गेले. जवळ एकच मेणबत्ती असल्यामुळें पुढें जाणें त्यांस धोक्याचें वाटलें. एक वादक व बारा माणसें या गुहेंत गेलीं तीं परत आलीं नाहींत, ही कथा बॉस्वेलनें नोंदली आहे. परंतु वादकाचा काळ अगर वेष यांविषयीं त्यानें अवाक्षर काढलेलें नाहीं. शिवाय त्या वेळीं वेषबंदी चालूच होती. १ ऑगस्ट १७४७ पासून अमलांत आलेल्या त्या कायद्यान्वयें पहिल्या अपराधास सहा महिने कैद व दुसऱ्यास सात वर्षें हद्दपारी अशी शिक्षा होती, व तो १७८२ पर्यंत रद्द झाला नाहीं. पूर्ण जुन्या वेषांतील एकच गृहस्थ आपल्या पाहण्यांत आला, असें जॉन्सन लिहितो. तेव्हां वादकाचा किल्ट ही मागाहून केलेली भर आहे, पुरावा नव्हे.

याच्या उलट, दुसरें उदाहरण कागदोपत्रीं सिद्ध आहे. १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या रणांत पराभव पावल्यावर राजपुत्र चार्ल्स एडवर्ड पांच महिने रानोमाळ हिंडत होता. त्यास धरून देणारास तीस हजार पौंडांचें बक्षीस लाविलेलें होतें. स्काय बेटावर तो दासीच्या वेषांत आला. किंग्जबर्गच्या मॅक्डोनल्डचें घर सोडल्यावर त्यानें तो वेष टाकून आंखूड अंगरखा, फिलिबेग व प्लेड हीं धारण केलीं. हे जूनचे अखेरचे दिवस होत. जुलैच्या अखेरीस ग्लेनमॉरिस्टनच्या सात माणसांनीं त्यास डोंगरांतील एका गुहेंत आश्रय दिला व पुढें दुसऱ्या गुहेंत नेलें. हीं माणसें स्वतः परागंदा व निर्धन होतीं. तरी बक्षिसाचा मोह एकासही झाला नाहीं. ऑगस्टच्या उत्तरार्धांत जॉन कॅमरन नांवाच्या धर्मोपदेशकानें राजपुत्रास पाहिलें, तेव्हां तो अनवाणी असून अंगांत जुना काळा कोट, कमरेस फिलिबेग, मळका सदरा व तांबडी दाढी असा त्याचा अवतार होता.

येथें प्रमाणांचा विवेक केला पाहिजे. कॅमरनची भेट गुहेंत झाली नाहीं, गुहा सोडल्यावर झाली. म्हणून गुहेंतील वेष हा या साक्षीपुरता प्रत्यक्षाचा विषय नसून अनुमानाचा आहे. परंतु गुहावासाच्या पूर्वीं फिलिबेग आहे व नंतरही फिलिबेग आहे. मध्यंतरीं वस्त्रें बदलण्याइतकी सुबत्ता कोठेंच नव्हती. सबब अनुमान बळकट आहे.

ही साक्ष टिकली ती रॉबर्ट फोर्ब्स या लीथच्या धर्मोपदेशकामुळें. बंडाच्या आरंभींच तो कैद झाला व मे १७४६ मध्यें सुटला. पुढें त्यानें प्रसंगांत असलेल्या माणसांस गांठून त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या, पत्रांच्या नकला केल्या, आणि काळ्या कडांचीं दहा हस्तलिखित पुस्तकें सिद्ध केलीं. त्यांस त्यानें ‘शोकमग्न सिंह’ या अर्थाचें नांव दिलें. राजपुत्राच्या वस्त्रांचे तुकडेही त्यानें पुठ्ठ्यांच्या आंतल्या बाजूस चिकटविले आहेत. १८९५–९६ मध्यें स्कॉटिश हिस्टरी सोसायटीनें हा संग्रह तीन भागांत छापला. आपल्याकडे राजवाड्यांचा ‘साधनां’चा पहिला खंड १८९८ चा, हें येथें ध्यानीं येतें.

फोर्ब्स हा राजपुत्राचा कट्टर पक्षपाती होता. मग त्याच्या लेखास आप्तवाक्य कसें मानावें? उत्तर असें कीं, मळका सदरा व अनवाणी पाय या गोष्टी त्याच्या नायकास शोभा आणणाऱ्या नव्हत्या. तरी त्या त्यानें गाळल्या नाहींत. पक्षपाती लेखकाच्या हातून पक्षास निरुपयोगी असा तपशील उतरला म्हणजे तो विशेष विश्वसनीय समजावा. आपल्या बखरींसही हीच कसोटी लाविली पाहिजे.

वादकाची कथा शतकानुशतकें तोंडोतोंडीं चालली, पण तिला नांव नाहीं, तिथि नाहीं. सात दरिद्री माणसांची निष्ठा मात्र नांवनिशीवार राहिली, कारण माणसें हयात असतांच एकानें लेखणी हातीं घेतली. ज्यांच्या घरीं दफ्तरें आहेत, व ज्यांच्या गांवीं भुयारांच्या गोष्टी सांगणारे वृद्ध आहेत, त्यांनीं गोष्ट जशी ऐकली तशी, सांगणाराच्या नांवासह व तारखेसह आजच उतरून ठेवावी. तींत आपल्या पदरचा किल्ट नेसवूं नये.